स्वच्छ टोक

१

सोमवारी सकाळी एक बसचालक घराच्या पायरीवर छाती धरून खाली बसला. त्याच्या बायकोनं मदतकेंद्राला फोन लावला. रिंग जात होती, पण उचलत कोणीच नव्हतं. तिनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी शेजाऱ्यांनी त्याला एका टेम्पोत आडवं केलं आणि दवाखान्याकडे धाव घेतली. तो वाटेतच गेला.

त्या वेळी मदतकेंद्रात फोन घेणारी माणसं, आज एवढं शांत कसं, असं एकमेकांना विचारत होती.

शहरभरातून येणारे फोन आधी रस्त्यापलीकडे, रुग्णवाहिकांच्या तळावरच्या यंत्रात येतात. तिथून रस्त्याखालच्या काचेच्या तारेतून ते केंद्राच्या इमारतीत पोहोचतात. ती तार मुकी झाली होती. तळावरच्या तंत्रज्ञानं घाईघाईनं जुनी तांब्याची तार जोडली तेव्हा कुठे फोन वाजायला लागले, तेही खरखरत आणि मध्येच तुटत.

मुकी झालेली तार शनिवारी माझ्या पुतणीनं जोडली होती.

दुपारी तिला हे काम शिकवणाऱ्या मास्तरनं, माझ्या जुन्या मित्रानं, तपासणी केली आणि कारण सांगितलं. तारेचं टोक न पुसता जोडलं होतं. आत तेलकट डाग होता. शुक्रवारी बैठक ठरली. त्यात पुतणीचा कामाचा परवाना काढून घ्यायचा आणि प्रकरण पोलिसांकडे द्यायचं, हे जवळजवळ नक्की होतं.

मी आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकं लावली. तपास हे माझं काम नव्हे, आणि मला तो जमला असं मी आजही म्हणणार नाही. पण घरात दुसरं कोणी नव्हतं.

२

पुतणीला घरात सगळे टकळी म्हणतात. लहानपणी तिचं तोंड क्षणभर बंद नसे. माझा भाऊ आणि वहिनी गेल्यावर ती माझ्याकडे वाढली आणि माझ्या मुक्या घराला तिनं बोलतं केलं. आता ती खिडकीपाशी बसून सदऱ्याला बटण लावत होती आणि बटण लागलेलं असूनही सुई चालूच होती.

"तू पुसलं होतंस ना?" मी विचारलं.

"काका, तुम्हीसुद्धा?"

"तसं नाही गं. आपलं विचारलं."

"एखाद्या दिवशी मी दात घासायचे विसरेन. टोक पुसायचं विसरणार नाही."

हे खरं असावं असं मला वाटलं, कारण तिच्या कामाचे नियम मला पाठ आहेत. त्यात माझी हुशारी काही नाही. मास्तर तरुण मुलांना हे काम शिकवायचा तेव्हा यंत्रासोबत आलेल्या इंग्रजी सूचना त्यानं माझ्याकडून आपल्या भाषेत करून घेतल्या होत्या. मॉड्यूल म्हणजे बोटाएवढी धातूची डबी. ती यंत्राच्या खाचेत टक् आवाज होईपर्यंत सरकवायची. विजेचे इशारे ती प्रकाशात बदलते. मग डबीच्या तोंडात तारेचं टोक खोचायचं. आतली काच केसाएवढी, त्यामुळे धुळीचा एक कण बसला तरी प्रकाश अडखळतो. म्हणून जोडण्याआधी पुसायचं, आणि तार काढली की टोक पुसून त्यावर लगेच टोपी घालायची. मी हे सगळं लिहिलं. हातात मात्र कधी काही धरलं नाही.

"मग शुक्रवारी तसं ठणकावून सांग," मी म्हटलं.

"शुक्रवारी मास्तर बोलतील."

"अगं, डाग मास्तरांनीच दाखवला!"

"दिसला तो दाखवला. माझ्यासाठी खोटं बोलायचं होतं का त्यांनी?" तिनं सुई टोचून ठेवली. "ते म्हणालेत, बैठकीत मी बोलतो, तोवर तू गप्प राहा. ते बोलतील, काका."

"काय बोलतील?"

ती माझ्याकडे बघत राहिली. सगळं सांगून टाकायच्या आधी लहानपणी ती अशीच बघायची. मी वाट पाहिली.

"आहे एक गोष्ट," ती म्हणाली. "पण ती माझ्या एकटीची नाही."

एवढं बोलून टकळी आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

३

"काय शब्दकोश, इकडे कुठे वाट चुकलास?"

मास्तर मला कायम शब्दकोशच म्हणतो. रोज संध्याकाळी आम्ही तळ्याच्या बाकावर बसतो. तो बोलतो आणि मी ऐकतो, असं आमचं जुनं जमलेलं आहे. त्या दिवशी तो घरीच होता. टेबलावर हत्यारं कापडावर ओळीनं मांडलेली होती. त्यानं खुर्चीवरची पुस्तकं उचलून मला जागा केली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पोरगी जेवते का?"

मी खाली बसलो. त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"हे बघ," तो म्हणाला, "मला काय आनंद झाला असेल का? माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी ती. पण नियमाला नातं नसतं. माणूस मेलाय."

"तू तपासलंस तेव्हा नेमकं काय केलंस?"

"तपासाचा पहिला नियम, जसं आहे तसं ठेवायचं. तार काढली, डबी काढली, डबीच्या तोंडाला तो बारीक कणही मोठा करून दाखवणारा स्कोप लावला. स्क्रीनवर डाग दिसला म्हणून केंद्राच्या मॅडमना हाक मारली. काही पुसलं नाही, काही बदललं नाही. डबी तिथेच त्यांच्या हातात दिली."

"कोणी मुद्दाम केलं असेल का?"

मास्तर बराच वेळ हत्यारं सरळ करत बसला. ती आधीच सरळ होती.

"नाव घेऊ नये," तो म्हणाला. "पण रविवारी ड्युटीवर तळावरचा तंत्रज्ञ, लंबू होता. केंद्रातल्या यंत्राच्या खोलीची किल्ली त्याच्याकडेही असते. आणि शनिवारी तुझ्या पुतणीनं त्याला चारचौघांत झापलं होतं."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. लंबूला मी फारसा ओळखत नव्हतो. अनोळखी माणूस गुन्हेगार निघाला तर आपलं काही जात नाही.

"नवी मॉड्यूलं शुक्रवारी सकाळी येतील," मास्तर दारापर्यंत सोडायला आला. "दोन्ही टोकं मीच बदलून देईन. आणि शब्दकोश, तिला म्हणावं, गप्प राहा. मी आहे."

४

मदतकेंद्राच्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणत. त्यांच्या टेबलावर हाताला लावायच्या क्रीमची बाटली होती आणि बोलता बोलता त्या सारख्या तळहात चोळत होत्या. तेलकट डाग म्हटल्यावर माझी नजर त्या बाटलीवरून हलेना.

"तुमच्या पुतणीमुळे माणूस गेला," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही मला किल्ल्यांचा हिशेब विचारताय?"

"माफ करा. मी जातो."

"बसा." त्यांनी बाटली बाजूला सारली. "मास्तर आत तपासत होते तेव्हा मी इथे फोनवर होते. त्या बसचालकाच्या बायकोचा फोन होता. अजूनही गाडी पाठवा म्हणत होती. त्याला जाऊन काही तास झाले होते. मी काय उत्तर द्यायचं, ते सांगा मला."

त्यांनी खणातून किल्ली काढली.

"मास्तरांनी हाक मारली तेव्हा आत गेले. स्क्रीनवर डाग बघितला, डबी ताब्यात घेतली आणि खोलीला कुलूप लावलं. लंबूची किल्लीही काढून घेतली. तेव्हापासून आत चिटपाखरूही गेलेलं नाही. तुम्हाला बघायचं तर बघा. लंबू दाखवेल."

लंबू नावाप्रमाणेच होता. दारातून येताना तो सवयीनं वाकला.

"या काका," तो म्हणाला. "मला चोर ठरवायला आलात ना? तोंडावर लिहिलंय तुमच्या."

माझे कान गरम झाले. मॅडमनी कुलूप काढलं आणि दारातच उभ्या राहिल्या.

"शनिवारी तिनं तुम्हाला..." मी सुरुवात केली.

"झापलं. यंत्रापाशी बिस्किटं खात होतो. चुरा आत जातो, बरोबरच होतं तिचं. आणि झापलं म्हणून कोणी तारा बिघडवत असेल, तर माझ्या घरातलं सगळं वायरिंग बायकोनं कधीच जाळलं असतं. नाही, मी तिचं." तो जरा अडखळला. "कोणीतरी कोणाचं तरी."

दारात मॅडम हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या.

लंबूनं मनगटाला पट्टा बांधून त्याची क्लिप कपाटाच्या धातूला लावली. अंगातली वीज यंत्रात जाऊ नये म्हणून. हे वाक्य मी लिहिलं होतं, पण ते करताना आज पहिल्यांदा पाहिलं. कपाटात सोमवारी काढलेली तार लोंबत होती. तिच्या टोकावर टोपी होती.

"तारेचं टोक बघता येईल का?" मी विचारलं. का विचारलं ते मला नीट सांगता येणार नाही. पुस्तकात एक पान फाटलं की समोरचंही ढिलं होतं, तसं काहीतरी मनात होतं.

लंबूनं टोपी काढून टोक स्कोपला लावलं. स्क्रीनवर एक राखाडी वर्तुळ उमटलं, मधोमध बारीक गोल. बाकी काही नाही. ओरखडा नाही, कण नाही.

"लख्ख आहे," लंबू म्हणाला.

"आणि डाग डबीच्या आत होता. तो आत कसा गेला असेल? बोटानं?"

"बोट कुठलं जातंय? काका, त्या भोकात काडी जाईल फार तर. तेल आत जायचं तर तारेच्या टोकावरूनच..."

तो थांबला. स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

टोकावरून तेल आत गेलं असतं तर टोकही तेलकट असायला हवं होतं. ते लख्ख होतं. आणि सोमवारपासून खोलीत कोणीच गेलेलं नव्हतं.

५

मी मॅडमच्या खोलीत बसलो. लंबूनं माझ्यासाठी पाणी आणलं आणि स्वतःच पिऊन टाकलं.

माझं डोकं हळू चालतं, म्हणून मी एकेक पायरी मोठ्यानं बोललो. शनिवारी तेलकट टोक जोडलं असतं तर दोन्हीकडे तेल असतं. रविवारी कोणी खोडी केली असती, तरी तार परत जोडताना दोन्हीकडे तेल लागलं असतं. म्हणजे ते तार काढल्यानंतर लागलं, नाहीतर तार काढल्यानंतर कोणीतरी टोक पुसलं. दोन्हीही सोमवारचीच गोष्ट.

"सोमवारी तर मी इकडे नव्हतोच," लंबू म्हणाला. "तळावर तांब्याच्या तारेशी झटत होतो. तिथल्या सगळ्यांना विचारा."

"मग मी," मॅडम म्हणाल्या. "मघापासून माझ्या बाटलीकडेच बघताय तुम्ही. ही डबी बाहेर कशी काढतात तेसुद्धा मला ठाऊक नाही हो. मी काढली असती तर यंत्रासकट आली असती."

तिसरं नाव कोणीच घेतलं नाही. मला ते घ्यायचं नव्हतं. पुसायची सवय असलेल्या माणसानं सहज पुसलं असेल, मी स्वतःशी म्हटलं. पण मग 'काही पुसलं नाही' असं का म्हणावं?

"ती डबी बघू का?"

मॅडमनी खण उघडून पाकीट काढलं. मी भिंग लावून डबी फिरवली. पुस्तकवाल्या माणसाला वस्तू हातात आली की तिच्यावर काय छापलंय ते आधी वाचायचं असतं. इथे काहीच छापलेलं नव्हतं. पाठीवर चौकोनी जागेत गोंदाचा चिकटपणा तेवढा होता आणि कडेला नखाचे ओरखडे.

"यावर पट्टी असते ना? नाव, जात वगैरे?"

"असते," लंबू म्हणाला. "कारखान्यातूनच येते. ती कोण कशाला काढेल?"

तोच तर प्रश्न होता. दोष डागाचा असेल, तर डबीचं नाव लपवायची कोणाला गरज? नाव लपवलं, म्हणजे दोष नावात होता.

"अशीच दुसरी डबी तळाच्या बाजूला असेल ना?" मी विचारलं. "तिला कोणी हात लावलाय?"

"नाही. मी तिथेच होतो की. मास्तर म्हणाले, तिकडची शुक्रवारी मीच काढीन, तू लावू नकोस हात."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "लंबू, जा. आत्ता."

खिडकीतून तो रस्ता ओलांडताना दिसला. एवढा उंच माणूस पळताना विचित्र दिसतो. मग बराच वेळ काही नाही. मग मॅडमचा फोन वाजला आणि त्यांनी आवाज मोठा केला.

"आधी तार काढली, टोपी घातली," लंबू धापा टाकत होता. "कडी पाडून डबी ओढली. पट्टी शाबूत आहे. आत सरकवली की ही बाजू दिसतच नाही, म्हणून मी कधी..."

"काय लिहिलंय ते वाच ना!" मॅडम ओरडल्या.

"ऐंशी," लंबू म्हणाला. "ऐंशी किलोमीटर, मॅडम."

खाली रस्त्यापलीकडून कोणी हाक मारली असती तर आम्हाला ती ऐकू आली असती.

६

घरी टकळी अंधार पडायच्या आधीच दिवा लावून बसली होती. मी चप्पलही काढली नाही.

"ऐंशी किलोमीटर," मी म्हटलं.

तिच्या हातातलं पुस्तक मिटलं.

"कोणी सांगितलं?"

"डबीवर लिहिलंय."

दूरच्या गावापर्यंत प्रकाश फेकणारी ती डबी. दोन्ही टोकं जवळ असली तर तिचा झोत समोरच्या डबीला सोसत नाही. हळूहळू ती आंधळी होते. तारेच्या मध्ये प्रकाश मंद करणारा एक जोड बसवला तर चालतं. ही मुलं त्याला गॉगल म्हणतात. हे सगळं तिनंच सांगितलं, आणि सांगायला लागल्यावर ती थांबली नाही.

"जवळची मॉड्यूलं आली नव्हती. सोमवारी सकाळी नवी तार सुरू करायची हे मास्तरांनीच कबूल केलं होतं. त्यांनी ही दिली. मी म्हटलं, ही दूरची आहेत, निदान गॉगल तरी द्या. ते म्हणाले, गॉगल नाहीये, आठवड्याभराचा तर प्रश्न आहे, मी सांगतोय ना, लाव."

"आणि लावलीस."

"लावली, काका. मास्तर सांगतायत म्हणून लावली. सोमवारी त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, आत्ता बोललीस तर दोघंही बुडू, बैठकीत मी सगळं माझ्या अंगावर घेतो. त्यांचं वय बघा. मी कशी बोलणार होते?"

"आणि डाग?"

"तो कसा राहिला तेच मला कळत नाही. पुसल्याचं नीट आठवतंय. मग वाटतं, राहिलाही असेल. आता मला माझ्या हातांचीच खात्री वाटत नाही."

मी तिला लख्ख टोकाचं सांगितलं. नखानं काढलेल्या पट्टीचं सांगितलं. खोलीत एकटं कोण होतं ते सांगितलं. ती सगळं ऐकत होती, आणि मध्येच तिनं मान हलवायला सुरुवात केली.

"नाही. मास्तर असं नाही करणार."

"मग कोण?"

"कोणीही. लंबू. मॅडम. मी. मास्तर नाही." तिचा आवाज चढला. "तुमचा मित्र आहे तो, काका! तुम्हाला लाज नाही वाटत?"

वाटत होती. पण ज्याची वाटत होती ते तिला सांगता आलं नाही. त्या संध्याकाळी मी तळ्यावर गेलो नाही. तो बाकावर बसून माझी वाट बघत असेल, आणि मी काय काय शोधलं ते गोड बोलून काढून घ्यायला टपला असेल, असं माझ्या मनात आलं. इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल पहिल्यांदाच असं काही मनात आलं होतं.

७

शुक्रवारी बैठकीचे साहेब यायच्या आधी मॅडमनी आम्हाला आपल्या खोलीत बोलावलं. नव्या मॉड्यूलांचं खोकं टेबलावर होतं. मास्तर इस्त्रीचे कपडे घालून आला होता. टकळीच्या डोक्यावरून त्यानं हात फिरवला आणि ती शहारली.

"शब्दकोश, कालपासून दिसला नाहीस," तो म्हणाला.

मी बोलायला उठलो, परत खाली बसलो आणि बसूनच बोललो. "मास्तर, तारेचं टोक कोणी पुसलं?"

"कुठलं टोक?"

"सोमवारी काढलेल्या तारेचं. डबीच्या आत तेल होतं. टोक लख्ख आहे."

"मी काही पुसलं नाही. सांगितलं ना तुला."

"तू सांगितलंस. म्हणूनच विचारतोय. पुसलं नसतंस, तर टोकावर तेल हवं. ते नाही. म्हणजे तेल तारेवरून आलंच नाही. तार काढल्यावर कोणीतरी काडीनं आत लावलं. त्या वेळी खोलीत तू एकटा होतास."

"हा पुस्तकं वाचतो ना फार, मॅडम," मास्तर हसला. "त्याला सगळीकडे खून दिसतात."

"मास्तर," लंबू दारातून म्हणाला, "तळावरच्या डबीची पट्टी मी वाचली. ऐंशी."

मास्तरच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, पण ते आता कोणासाठीच नव्हतं.

"तार काढली की टोक पुसायचं, टोपी घालायची, मगच हातातून सोडायचं," लंबू बोलत राहिला. "हातावर पट्ट्या मारून शिकवलंत तुम्ही आम्हाला. डबीला तेल लावायला आत गेलात, पण तार हातात आल्यावर ती सवयीनं पुसूनच खाली सोडलीत. हो ना?"

मास्तरनं आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

"पुसलं का मी?" तो हळूच म्हणाला. "मला आठवतही नाही."

बाहेरच्या खोलीत एक फोन वाजला, खरखरला आणि तुटला.

"माणूस गेला म्हणून कळलं तेव्हा मी घाबरलो," तो म्हणाला. "आयुष्यभर कमावलेलं नाव. या वयात ते गेलं की परत कुठून आणायचं? वाटलं, ही तरुण आहे. वर्ष-दोन वर्षांत लोक विसरतील. मी दुसरीकडे कुठेतरी लावून दिलं असतं हिला. खरंच दिलं असतं."

"आणि बैठकीत?" टकळीनं विचारलं. तिचा आवाज इतका साधा होता की मी दचकलो. "आज तुम्ही बैठकीत काय बोलणार होतात?"

तो टेबलावरच्या खोक्याची कड बोटानं सरळ करत राहिला.

"मी आठवडाभर त्याचीच वाट बघत होते. काका विचारायचे, शेजारी तोंड फिरवायचे, आणि मी म्हणायचे, मास्तर बोलतील." ती उठली. "तुम्ही नुसतं मागितलं असतंत ना, तरी मी अंगावर घेतलं असतं. हसत घेतलं असतं. चोरलंत कशाला?"

"पोरी..."

"ताई म्हणा. नाहीतर काहीच म्हणू नका."

मग ती मॅडमकडे वळली. "माझंही लिहून घ्या. ती डबी चुकीची आहे हे मला माहीत होतं. विचारलं मी, पण लावली मीच. साहेबांना हेही सांगेन."

"ते साहेब आल्यावर," मॅडम म्हणाल्या. बाहेर आणखी एक फोन मध्येच तुटला होता आणि मुलगी पुन्हा पुन्हा 'हॅलो, पत्ता सांगा' म्हणत होती. "भांडण नंतर. आधी तार जोडा. परवाना अजून आहे तुमच्याकडे. किती वेळ लागेल?"

"दुसऱ्या टोकाला माणूस लागेल. जोडताना लंबू इकडच्या तांब्याच्या तारेपासून हलला तर आहेत तेही फोन जातील."

"मी जातो," मास्तर म्हणाला.

कोणी हो म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही. त्यानं एक मॉड्यूल उचललं आणि तो रस्ता ओलांडून गेला. खिडकीतून मला त्याची पाठ दिसली. मी त्याला हाक मारली नाही.

यंत्राच्या खोलीत टकळीनं मनगटाला पट्टा बांधला, नवं मॉड्यूल खाचेत सरकवलं. टक् आवाज आला. मग तिनं फोन कानाला लावून तार हातात घेतली आणि थांबली.

या कामात एक रीत आहे. तारेतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळा जाळू शकतो. म्हणून टोपी काढण्याआधी पलीकडच्या माणसाला विचारायचं. तिकडचा प्रकाश बंद आहे म्हणून तो 'अंधार' म्हणाला की मग काढायची. त्यासाठी प्रकाश मोजणारा मीटरही असतो, पण मास्तरच्या पोरांनी तो कधी वापरला नव्हता. पलीकडे मास्तर असला की त्याच्या शब्दावर टोपी निघायची. त्यांच्यात ती अभिमानाची गोष्ट होती.

"तिकडे काय?" टकळीनं विचारलं.

"अंधार," फोनमधून मास्तरचा आवाज आला. तो जरा थांबला. "काढ टोपी. अंधार आहे."

तिनं फोन खांद्याशी धरला आणि लंबूच्या पेटीतून मीटर काढला. तोंड दुसरीकडे वळवून टोपी काढली, टोक मीटरला लावलं आणि आकड्याकडे बघत राहिली. मीही वाकून बघितलं. प्रकाश नव्हता. अजिबात नव्हता. मास्तर खरं बोलला होता.

"काय झालं?" फोन विचारत होता. "सांगितलं ना, अंधार आहे. ऐकू येतंय का?"

"येतंय," ती म्हणाली. "मोजतेय."